नुसतं बघतोय

कोल्हारचा सॅमसन त्रिभुवन नाव सांगे तेव्हा ऐकणारा हमखास त्याच्या डोक्याकडे बघे. नाव बायबलातल्या केसाळ पहिलवानाचं, आणि इथे डोक्यावर औषधालाही केस नाही. अंगानं तर इतका बारीक की डेपोत सगळे त्याला ‘स्पोक’ म्हणत. पण याच स्पोकनं उभी हयात एसटीची लाल गाडी चालवली होती. नगर–मनमाड रस्त्यावरचं एकेक वळण त्याला घरच्या उंबऱ्यासारखं ठाऊक होतं.

रिटायर झाल्यावर त्याने काही महिने घरात बसून बघितलं. बसवेना. स्वयंपाकघरातून पडवीत येतानाही तो आधी उजवीकडे मान वळवून रस्ता मोकळा आहे का बघे. त्याची बायको एलिझाबेथ मिशन दवाखान्यात नर्स होती. तीही रिटायर झाली होती, पण घर अजून वॉर्डासारखंच चालवायची. हा मधे मधे यायला लागला तसं तिचं डोकं फिरायला लागलं.

तेवढ्यात तिच्या गुडघ्यांनी सॅमसनवर उपकार केले. गुडघे धरले म्हणून नगरला सावेडीत एका डॉक्टरणीकडे दर मंगळवारी शेक घ्यायला जायचं ठरलं. शेक, मग व्यायाम, त्याच्याआधी नंबर लागायची वाट, असा सगळा खेळ तासन्‌तास चाले. बायकांच्या त्या खोलीबाहेर सॅमसन किती वेळ बसणार? एप्रिलचं ऊन होतं. रस्त्यापलीकडे काचेचं मोठं शोरूम होतं, आणि दार उघडलं की आतला गारवा फुटपाथपर्यंत येत होता. सॅमसन आत शिरला.

“कुणाकडे काम आहे?” वॉचमननं विचारलं.

“गाड्यांकडं,” सॅमसन म्हणाला.

आत टाय लावलेली चार पोरं गप्पा मारत उभी होती. त्यांनी आधी त्याच्या चपला बघितल्या, मग पायजमा बघितला, आणि गप्पा जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू केल्या. सॅमसनला त्याचं काही वाटलं नाही. तो एका निळ्या गाडीजवळ गेला आणि बॉनेटवर हात ठेवला. लगेच त्या चौघांतला एक जण, रविराज नावाचा, फडकं घेऊन आला. तोंडानं एक शब्द नाही. सॅमसननं हात उचलला की हा तिथले बोटांचे ठसे पुसी. सॅमसननं दाराला हात लावला, यानं दार पुसलं. सॅमसननं आरशाला लावला, यानं आरसा पुसला.

दुसऱ्या कुणाचा अपमान झाला असता. सॅमसनच्या मनात मात्र वेगळीच गंमत आली. तो शांतपणे पुढच्या गाडीकडे वळला, तिच्या चारही दारांना, डिकीला, दिव्यांना एकेक करून हात लावला, मग तिसरी गाडी घेतली, मग चौथी. शेक संपेपर्यंत त्यानं रविराजकडून अख्खं शोरूम पुसून घेतलं. निघताना म्हणाला, “लई सोच्छ ठेवता बरं का तुमी.”

पुढच्या मंगळवारी त्यानं मुलाच्या लग्नातला कोट घातला.

“हे काय?” एलिझाबेथनं विचारलं. “शेक मला घ्यायचाय. तुम्ही कुठे नवरदेव होऊन निघालात?”

“बगू,” सॅमसन म्हणाला.

या वेळी वॉचमननं दार धरलं. तेच चौघे एकदम पुढे आले आणि रविराजनं बाकीच्यांना कोपरानं मागे सारलं. “या सर, बसा सर, कॉफी की थंड?” सॅमसन पाय ताणून सोफ्यावर बसला. कॉफीबरोबर दोन बिस्किटंही आली.

“सर, आमच्याकडे पहिल्यांदाच आलात ना?”

“बसलो पहिल्यांदाच,” सॅमसन बिस्कीट बुडवत म्हणाला.

तेव्हापासून त्याला हा नादच लागला. मनमाड रोड, पुणे रोड, स्टेशन रोड, एकही शोरूम त्यानं सोडलं नाही. एका मंगळवारी कोट, एका मंगळवारी पायजमा. कुठे त्याला बघून दिवे लावत, कुठे चाललेला पंखा बंद करत. कुठे ‘बजेट काय’ हा पहिलाच प्रश्न असे, कुठे कुणी विचारायलाच येत नसे आणि मग सॅमसन खुशाल गाडीत बसून डुलकी काढी. स्वतःपुरता एक नियम मात्र त्यानं घालून घेतला होता. खोटं बोलायचं नाही. गाडी घ्यायचीय असं तो चुकूनही म्हणत नसे. “नुसतं बघतोय,” एवढंच म्हणे. पुढचं समोरचा आपलं आपण समजून घेई.

“ही लबाडीच आहे,” एलिझाबेथ म्हणे. “फुकटची कॉफी पिता लोकांची.”

“मी मागतो का? ते देत्यात.”

“आणि फोन येतात त्याचं काय?”

फोन खरंच येत. ज्या पोरांनी शोरूममध्ये त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं, तीच पोरं आता ऐन जेवणाच्या वेळी विचारत, “सॅमसन सर, काय विचार केला?” सॅमसन ताट बाजूला सारून त्यांना वालाच्या शेंगांवर पडलेल्या मावा किडीबद्दल विचारी, त्यांच्या आईची तब्येत विचारी, लग्न ठरलं का विचारी. शेवटी पलीकडचा पोरगाच “सर, ठेवू का?” म्हणून काकुळतीला येई. टेस्ट ड्राइव्ह मात्र त्यानं कधी घेतली नव्हती. नुसतं बसण्यात काही जात नाही, पण गाडी बाहेर काढायची म्हणजे त्यांचं तेल जाळायचं. ते त्याच्या मनाला पटत नव्हतं.

मग दिवाळीआधी मनमाड रोडला एक नवं शोरूम उघडलं, आणि तिथे अश्विनी भेटली.

सॅमसन पायजम्यात होता. अश्विनीनं चपला बघितल्या नाहीत. आधी पाण्याचा ग्लास आणला, मग विचारलं, “कुठनं आलात काका?” सॅमसननं एका पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, आत बसला, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. अश्विनी शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “काका, तुम्ही घेणार नाही ना गाडी?”

सॅमसन चपापला. इतक्या महिन्यांत असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. “कशावरून?”

“घेणारा माणूस बसल्या बसल्या अ‍ॅव्हरेज विचारतो. तुम्ही डोळे मिटलेत.”

सॅमसनला हसू आलं. “यष्टीवर डायवर हुतो पोरी. नुसतं बघतोय.”

“बघा की. पण माझं एक काम करा,” तिनं मागे केबिनकडे नजर टाकली. काचेपलीकडे मॅनेजर गहिनीनाथ शेळके फोनवर कुणाला तरी झापत होता. “रोजच्या टेस्ट ड्राइव्ह किती झाल्या म्हणून साहेब पिच्छा सोडत नाहीत. कुणी का चालवेना, आकडा भरला पाहिजे. आज माझी एकही झाली नाही. लायसन्स आहे ना?”

लायसन्स सॅमसनच्या वरच्या खिशात कायमच असे, लग्नाच्या कोटात सुद्धा. त्याच्या मनानं थोडी कुरकुर केली. पण हे तेल आता त्यांच्याच आग्रहानं जळणार होतं. तो बाहेर आला, डेमो गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरांना लाथ घालून बघितली, आत बसून क्षणभर डोळे मिटून प्रार्थना केली. ड्यूटीवर निघताना करायचा तशीच.

“चालू कर की,” तो अश्विनीला म्हणाला.

“चालूच आहे काका.”

पहिल्याच वळणावर वॉचमन थोडक्यात बचावला. बसचं स्टेअरिंग छाती टेकवून फिरवायची सवय, आणि ही गाडी नुसत्या बोटानं वळत होती. पण रस्त्याला लागल्यावर त्याचा हात बसला. एमआयडीसी मागे पडली. “विळदच्या फाट्यावरनं परत फिरू,” अश्विनी म्हणाली. सॅमसन मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. फाट्यावर चार माणसं गाडीची वाट बघत उभी होती. त्यातल्या एका म्हातारीनं कपाळावर हात धरून येणाऱ्या गाडीकडे बघितलं, आणि सॅमसनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचं दार बरोबर म्हातारीच्या नाकासमोर येऊन थांबलं.

“काका! काय करताय?”

“स्टॉप हाय,” सॅमसन म्हणाला.

म्हातारीचं नाव रंगुबाई. दार समोर आलं म्हणजे ते आपल्यासाठीच आलं, यात तिला काही शंका नव्हती. तिनं आधी एक पिशवी आत सारली. पिशवीतून कोंबडीची मान बाहेर आली होती. मग ती स्वतः शिरली. तिच्या मागोमाग वाल्मिक नावाचा एक गडी वाइंडिंग करून आणलेला सीलिंगचा पंखा घेऊन आत घुसला. पंख्याचं एक पातं अश्विनीच्या कानाजवळ आलं. बाकीचे दोघे मागे सरले. त्यांना शिर्डीला जायचं होतं.

“देहऱ्याला सोडा,” रंगुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि अश्विनीपुढे आधार कार्ड धरलं. “मला फुकट हाय.”

अश्विनीनं कार्ड हातात घेतलं. मग तिनं कार्डावरचा फोटो बघितला, म्हातारीकडे बघितलं, आणि गंभीर चेहऱ्यानं कार्ड परत दिलं. “बरोबर आहे आजी. बसा.”

“यष्टीनं आता बारक्या गाड्या काढल्या व्हय?” रंगुबाईनं गाडीभर नजर फिरवली. “बऱ्या हायेत. पर खिडकी उघडंना.”

वाल्मिकला मात्र गाडी बारकी की मोठी याच्याशी घेणं नव्हतं. तो आल्यापासून बोलत होता. “किती वेळ हुबं ऱ्हायचं माणसानं? पाय मोडायची येळ आली. तुमाला काय, तुमी बसून येता!”

“वरूनच निघायला येळ झाला,” सॅमसन म्हणाला.

हे उत्तर त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की अश्विनीनं वळून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू कुणी हार घातला होता. रिटायर झाल्यापासून त्याला कुणी असं झाडलं नव्हतं. घरी एलिझाबेथ बोले ते वेगळं. पॅसेंजरनं मागच्या सीटवरून शिव्या घालाव्यात आणि आपण समोर बघत गाडी हाकावी, हे सुख शोरूमच्या सोफ्यावर कुठलं? त्यानं वाल्मिकला मुद्दाम आणखी डिवचलं. “मग टॅक्सी करायची हुती.” वाल्मिकचं तोंड देहऱ्यापर्यंत थांबलं नाही.

मधेच अश्विनीचा फोन वाजला. शेळके साहेब.

“कुठे आहात? जीपीएसवर गाडी राहुरीकडे कशी दिसतेय?”

“सर, कस्टमर जरा लांब चालवून बघतायत.”

नेमकी तेव्हाच कोंबडी ओरडली.

“तो आवाज कसला?”

अश्विनीनं एकदा मागे बघितलं. “हॉर्न सर. कस्टमर हॉर्न चेक करतायत.”

देहऱ्याला रंगुबाई उतरली. “देव तुमचं भलं करो,” म्हणाली आणि दार असं आपटलं की सगळी गाडी हलली. वाल्मिकला राहुरीला जायचं होतं, तो उतरेना. “ही गाडी हितपतूरच,” सॅमसननं सांगितलं. “मंग तसा बोर्ड लावा की!” वाल्मिक पंखा ओढत म्हणाला. एवढ्यात मागून खरी लाल गाडी आली, अगदी तिच्या वेळेवर. ड्रायव्हरनं सॅमसनला ओळखलं आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, “काय रं स्पोक! काळी-पिवळी धरली व्हय?”

एसटीचे पॅसेंजर पळवणाऱ्या जीपवाल्यांत आपली गणना झाली, हे मात्र सॅमसनला लागलं. परतीच्या वाटेवर तो “काळी-पिवळी म्हनतो,” एवढंच दोनदा पुटपुटला.

शोरूमपाशी आले तसं अश्विनीचं तोंड उतरलं. मागच्या सीटवर एक पीस होतं, पंख्याच्या तेलाचा डाग होता. दोघांनी मिळून रुमालानं जमेल तेवढं पुसलं. “तू काय बोलू नको, मी सांगतो साहेबाला,” सॅमसन म्हणाला आणि मन घट्ट करून आत शिरला.

आत बघतो तर शोरूममधली सगळ्यात महागडी गाडी, तिचं दार सताड उघडं, ड्रायव्हरच्या सीटवर एलिझाबेथ. हातात कॉफी. शेळके साहेब दाराशी गुडघ्यावर बसून सीट कशी वरखाली होते ते दाखवत होते. शेक लवकर संपला म्हणून ती नवऱ्याला शोधत शोरूम शोरूम फिरत इथे आली होती. “मी बघायला आले होते…” एवढंच म्हणाली, आणि पुढचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला बसवण्यात आलं होतं. अंगावर इस्त्रीची साडी, आवाजात वॉर्डातली जरब. शेळके साहेबांनी ती जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवली नव्हती.

सॅमसनला बघून एलिझाबेथच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“हे कोण?” तिनं विचारलं.

शेळके उठले. त्यांचे डोळे अश्विनीला जाळत होते, पण तोंड एलिझाबेथकडे होतं आणि त्यावर हसू ठेवणं भाग होतं. “हे कस्टमर आहेत मॅडम. टेस्ट ड्राइव्हवरून आलेत.”

“इतका वेळ चालवू देता तुम्ही?”

शेळके साहेबांनी हसू आणखी रुंद केलं. “हो मॅडम. आमच्याकडे कस्टमरला घाई करत नाहीत.”

“वा. चांगलं आहे हे.” मग सॅमसनकडे वळून, अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, “कशी आहे हो गाडी?”

“गाडी बरी हाय बाई,” सॅमसन म्हणाला. “पॅसिंजर कमी बसत्यात.”

अश्विनी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली.

दोघं वेगवेगळी बाहेर पडली आणि स्टँडवर येईपर्यंत एकमेकांकडे बघायचं टाळत राहिली. कोल्हारच्या गाडीत बसल्यावर मात्र एलिझाबेथ खिडकीकडे तोंड करून इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

“लबाडी म्हनत हुतीस,” सॅमसन म्हणाला.

“मी एक शब्द खोटा बोलले का? विचारा त्यांना.”

दुसऱ्या दिवशी अश्विनीचा फोन आला. गाडी धुताना मागच्या सीटखाली एक अंडं सापडलं होतं. शेळके साहेब ते हातात धरून शोरूमभर फिरले आणि प्रत्येकाला विचारत सुटले. शेवटी अश्विनीनं सगळं सांगून टाकलं. साहेब ओरडले, भरपूर ओरडले, मग त्यांनाच आपण अंडं हातात धरून ओरडतोय हे दिसलं आणि ते केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले. टेस्ट ड्राइव्ह मात्र आकड्यात धरली गेली. वॉचमनला नवा हुकूम मिळाला, की टक्कलवाले काका आले तर चहा द्यायचा, चावी द्यायची नाही.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. त्या दिवशी ती गाडीत बसलेली असताना शेळकेंनी एलिझाबेथला सांगितलं होतं, की आता क्लचच नसलेल्या गाड्या येतात. डावा पाय नुसता ठेवून द्यायचा, गुडघ्याला त्रास नाही. ते तिच्या डोक्यात बसलं. भाकरी थापताना, चर्चमधून येताना, केव्हाही तिला ते आठवे.

“मी शिकणार,” ती एका संध्याकाळी म्हणाली.

“क्लच न्हाई ती काय गाडी?” सॅमसन उसळला. “मंग पाळण्यात बस की!”

“पाळण्यात तर पाळण्यात. मी चालवणार, तुम्ही बसा शेजारी.”

आता मंगळवारी दोघं मिळून शोरूममध्ये जातात. सॅमसन क्लचवाल्या गाडीपाशी उभा राहतो, एलिझाबेथ बिनक्लचच्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत दोघांचं जुंपतं. ती म्हणते, तुमचं वय झालं. तो म्हणतो, तुला रिव्हर्स यायचा न्हाई. नुसतं बघायला आलेली माणसं अशी हमरीतुमरीवर येत नाहीत, हे विकणाऱ्या पोरांना चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे हल्ली कुठेही गेले तरी चार-चार जण धावत येतात, पंखा वळवतात, खुर्च्या मांडतात. गेल्या मंगळवारी तर पुणे रोडच्या शोरूममध्ये एकानं एलिझाबेथला कॉफी दिली आणि सॅमसनकडे वळून अदबीनं विचारलं, “सर, मग कुठली ठरली?”

सॅमसननं तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं. तिनं आधीच सीट पुढे ओढून घेतली होती आणि आरसा स्वतःच्या उंचीचा करून घेत होती.

“बाईस्नी इचार बाबा,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसला.